फांदी कुठं पडणार?

पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत आमचं छोटं टॉवेलचं युनिट आहे. कुंपणाला लागून एक जुना लिंब. त्याची एक जाड फांदी शेडवर आडवी आली होती. खाली सिमेंटचे पत्रे आणि शेंड्यापासून दोन-तीन हातांवर अकरा हजार व्होल्टची लाईन. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडली असती तर पत्रे फुटले असते, नाहीतर तार तुटली असती. परवानगी काढली आणि झाडं छाटणाऱ्या चाचांना बोलावलं. तासाभराचं काम, असा माझा हिशेब.

चाचांनी झाडाला दोन फेऱ्या मारल्या, वर बघितलं आणि म्हणाले, "लाईन बंद हुए बगैर मैं चढता नै."

"चाचा, तारेला हात कुठं लावायचाय? फांदी तर शेडकडं आहे."

"फांदीला ठाव हाय का तुझं शेड कुठं हाय ते?"

मला राग आला. लाईन बंद करायची म्हणजे महावितरणकडं अर्ज, तारीख, शेजाऱ्यांची कुरकुर. पण चाचांचं खरं होतं. एवढ्या दाबाच्या तारेला शिवावंच लागतं असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज झेप घेते. ओली फांदी आणि ओला दोर तिला वाट करून देतात.

चार दिवसांनी लाईन बंद झाली. लाइनमननं तारांना अर्थिंग केलं, परमिट हातात आलं, तेव्हा चाचा कमरेला पट्टा बांधून चढले. फांदीच्या वर एक मजबूत बेचकं होतं. त्यात गोणपाट घालून त्यावरून दोर घेतला. एक टोक फांदीला, दुसरं खाली आणून बुंध्याला तीन वेढे. वेढ्यांच्या घर्षणावर सगळा भार. फूटभर जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला तुकडा जवळपास दोनशे किलो भरतो, पण वेढे असले की एक पोरगा तो सावकाश खाली सोडू शकतो. दोर ढिला ठेवायचा नाही. तुकडा दोन-चार फूट मोकळा पडून अडकला, तर बसणारा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. शेंड्याला दुसरा दोर बांधला, तो लगाम. तुकडा तारेकडं वळू नये म्हणून लांब उभा राहून एकानं तो ओढून धरायचा. फांदीखाली कुणी थांबायचं नाही.

शेंड्याकडून एकेक तुकडा उतरला. उरलेल्या बुडख्याला तीन काप. पहिला खालून, अर्धवट. दुसरा थोडा पुढं, वरून. त्यामुळं फांदी पडताना बुंध्याची साल सोलत नाही. तिसरा काप फांदी फुटते तिथल्या फुगीर वळकटीच्या बाहेर. ही वळकटी राखली तर झाड जखम भरून काढतं, हे अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं. चाचांनी हे नाव ऐकलेलं नाही. "झाडाची कॉलर कापायची नाय," एवढंच ते म्हणाले.

पत्र्याला ओरखडाही नाही. मी मात्र खजील झालो होतो. माझे अब्बा आयुष्यभर दुसऱ्याच्या लूमवर राबले. "घाई मालकाची, बोटं मजुराची," असं ते म्हणायचे. लाईन चालू असताना चाचांना वर चढ म्हणणारा मालक आता मी होतो. चाचांनी नकार दिला, कारण त्यांच्याकडं दुसरं काम होतं. ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नसते, तो नाही म्हणू शकत नाही. म्हणून नाही म्हणायचं ओझं त्याच्यावर टाकायचंच नाही. लाईन बंद करून घेणं हे काम सांगणाऱ्याचं आहे.

परमिट परत करताना लाइनमननं विचारलं, "सगळी खाली आली का?" मी मोजलं. चाचा, दोन पोरं, तिघं. पुन्हा एकदा मोजलं, आणि मगच सही केली.