क्रियापदांची बालवाडी

बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेचा, आणि बहुतेक हौशी पालकांचाही, असा समज असतो की मुलाची भाषा म्हणजे त्याला ठाऊक असलेल्या नावांची यादी. म्हणून चित्रांचे पुस्तक उघडताच ‘हे काय?’, ‘हा कोण?’ अशी जी सरबत्ती सुरू होते, तिला वाचन म्हणण्यापेक्षा कचेरीतला जाबजबाब म्हणणेच अधिक रास्त ठरेल. मूल ‘हत्ती’ म्हणते, आपण संतुष्ट होतो, पान उलटते आणि संभाषण तिथेच खुंटते. या व्यवसायात आयुष्याचा बराच काळ व्यतीत केल्यावर माझे मत असे झाले आहे की भाषेचा खरा संसार क्रियापदापासून सुरू होतो, आणि मराठीत तर विशेषच.

कारण आपल्या क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष या साऱ्यांचे भान राखावे लागते, आणि भूतकाळात सकर्मक असेल तर ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या प्रयोगांचा साक्षेपी ऊहापोह केला, ते चार वर्षांची मुलगी भातुकली मांडून बसली म्हणजे सहज चालविते : ‘मी भात शिजवला, भाजी चिरली, वरण ढवळलं.’ तिन्ही लिंगे तिच्या चुलीवर एकाच वेळी रटरटत असतात, आणि त्यासाठी कोणी तिला नियम सांगितलेला नसतो.

दिवसभर आई-आजीच्या सहवासात वाढलेला मुलगा मात्र कित्येकदा बिनदिक्कत ‘मी जेवले’ म्हणत हिंडतो. त्याला टोकण्यात हशील नसते. आणि मी स्वतः स्त्री असल्यामुळे ‘मी जेवलो’ हा नमुना माझ्या तोंडून त्याला मिळणेही शक्य नसते. अशा वेळी मी हातात बाहुला घेते. बाहुला जेवतो, झोपतो, पडतो, रुसतो आणि प्रत्येक गोष्ट स्वतःच सांगतो : ‘मी पडलो’, ‘मी रुसलो’. कालांतराने बाहुल्याचा तो आवाज मुलगा आपल्याकडे मागून घेतो.

पुस्तकही याच रीतीने वाचावे. ‘हत्ती काय करतो आहे?’ असे विचारून आपण स्वस्थ राहावे. मूल ‘हत्ती पाणी’ एवढेच म्हणाले तर ‘हो, हत्ती सोंडेने पाणी उडवतो आहे’ असे त्याचेच वाक्य पुरे करून त्याला परत द्यावे. तेच पुस्तक पुन्हापुन्हा मागणाऱ्या मुलाचा कंटाळा करू नये. पुढे काय होणार हे ठाऊक असते म्हणूनच त्याला ते सांगण्याचे धैर्य होते.

योगासनांनी वाचा फुलते असा दावा मी करणार नाही. परंतु मार्जारासनात पाठ वर उचलताना, वृक्षासनात एका पायावर तोल सावरताना, ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’, ‘मागे’ हे शब्द मुलाच्या शरीरालाच कळतात. आणि आसने घेण्याचा अधिकार एखाद्या मुलाच्या स्वाधीन केला की तो सोबत्याला ‘वाक’ आणि मला ‘वाका’ असे फर्मावतो. आज्ञार्थ आणि आदरार्थ यांचा याहून चोख पाठ कोणत्याही फळ्यावर मी पाहिलेला नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघांसह पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, आणि परिसरातल्या बिया, पाने, शंखशिंपले यांनाच साधन करावे, असा त्या कार्याचा बाणा होता. त्याचा मथितार्थ मी माझ्यापुरता असा घेतला आहे की मुलाच्या हाताला काम मिळाले म्हणजे जिभेलाही मिळते. बिया निवडणारे, पेरणारे, पाणी घालणारे मूल मुके राहू शकत नाही, मग ते घरच्या कोणत्याही बोलीत का बोलेना.

म्हणून ‘आमच्या बाळाला किती शब्द येतात?’ असे पालक विचारतात तेव्हा मी आकडा सांगत नाही. आज त्याने काय काय केले ते घरी त्यालाच विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका, एवढेच मी त्यांना सांगते. हा दुसरा भाग पाळणे बहुतेकांना फार जड जाते.