पुरुषाचे माहेरपण

बायकांना माहेर असते आणि पुरुषांना ऑफिसची टूर असते. दोन्हीकडे ताट आयते मिळते, उठायची घाई नसते आणि परत येताना पिशवी जड झालेली असते.

आमच्यासारख्या क्लार्कच्या नशिबी टूर क्वचितच. त्यामुळे न जुळणाऱ्या नोंदी जुळवायला बँकेने मला चार दिवस कोल्हापूर शाखेत धाडले, तेव्हा कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये मी सीमेवर निघाल्यासारखा चेहरा करून चढलो. टूरवर जाताना घरच्यांसमोर आनंदी दिसू नये, हा साधा शिष्टाचार आहे.

लॉज अंबाबाईच्या देवळापासून पाच मिनिटांवर. खोली लहानच, पण तिच्यात जे नव्हते त्याचे सुख मोठे होते. नळाची वेळ नव्हती, गॅसचा नंबर नव्हता, चिरंजीवांची फी नव्हती. चादर दुसऱ्याच कुणीतरी घातलेली होती आणि ती विस्कटली म्हणून जाब विचारणारे कोणी नव्हते. सकाळी दारावर टकटक होई, "साहेब, पाणी तापलंय, आंघूळ उरकून घ्या की!" रात्री जिना चढताना काउंटरवरचे मामा विचारत, "जेवलासा न्हवं?" माझ्या २२ वर्षांच्या नोकरीत साहेबांनीही मला जेवणाबद्दल विचारले आहे, नाही असे नाही; पण ते "झालं का जेवण एकदाचं?" असे विचारतात.

शाखेतून सुटलो की गाव माझे. सकाळी मिसळ झालेली असे. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, मग तांबडा-पांढरा, आणि शेवटी गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून दिलेले फेसाळ दूध. एके दिवशी शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेले खासबागेचे कुस्तीचे मैदानही पाहून आलो. आखाड्याकडे बघताना माझीही छाती थोडी फुगली. पण तो पांढऱ्या रश्श्याचा परिणाम असावा.

तिसऱ्या रात्री सौ.चा फोन आला. "काय हो, फार हाल होतायत का?"

"चालायचंच," मी म्हटले.

ती हसली. "मला माहितीये तुमचे हाल. खा, झोपा. आयतं ताट पुढं येऊन मला मात्र सहा वर्षं झाली हो."

आकडा ऐकला की ताळा करायचा, ही आमची धंद्याची सवय. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मेव्हण्याने चिपळूणचे घर विकून पुण्यात फ्लॅट घेतला. तिथे ही जाते, सगळे प्रेमाने वागवतात. पण भावाच्या घरी गेलेल्या बहिणीने ओट्याशी उभे राहायचे असते. आम्हाला किरकोळ रजा, आजारपणाची रजा, हक्काची रजा. बाईला एकच रजा, माहेर. आई गेली की तीही बंद, आणि शिल्लक पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

पण संसारी बाईला "आराम करायला चल" म्हणून भागत नाही. मध्ये देव घालावा लागतो. जानेवारीअखेर देवीचा किरणोत्सव असतो. ढग आडवे आले नाहीत, तर मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात येतात आणि तीन दिवसांत देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात. असे दर्शन चुकवू नये, असे मी गंभीरपणे सांगितले आणि त्याच लॉजमध्ये खोली घेतली.

पहिल्या दिवशी पोऱ्या यायच्या आधीच सौ.ने चादरीच्या घड्या घातल्या, कपबशाही विसळल्या. दुसऱ्या दिवशी ती सातला उठली आणि उशीर झाला म्हणून कावरीबावरी झाली. तिसऱ्या दिवशी किरण देवीच्या मुखापर्यंत पोचले की नाही ते मला गर्दीत दिसले नाही, पण त्या सकाळी आठ वाजता ही खिडकीत पाय वर घेऊन, पेपर उघडून बसली होती आणि म्हणत होती, "अहो, चहा अजून एक सांगा ना."

निघताना मामांनी गुळाची ढेप हातात ठेवली. पहिल्या दिवशी ते हिला 'वहिनी' म्हणत होते. आता म्हणाले, "ताई, पुन्हा या."

कोल्हापुरात बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. तीन दिवस ते हिच्या कानावर पडत होते.

"येतो की!" सौ. म्हणाली, आणि रिक्षात बसल्यावर तिने पदराने डोळे पुसले. माहेराहून निघताना ती नेहमी पुसायची, तसेच.