ऊन लागतं, थंडी वाजते

अमरावती,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय सखे,

तुझा मेसेज येऊन तीन दिवस झाले. दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून आज दुपारी पार्लर बंद करून निवांत लिहायला बसले आहे. तिळगूळ दरवर्षीप्रमाणे पाठवलाय, तो पोचेल तेव्हा संक्रांत उलटून गेलेली असेल.

चिखलदऱ्याचा तो फोटो पाहून तू एवढंच विचारलंस, 'मुलीच्या अंगावर शाल का नाही?' इथे ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहिला त्यांनी धुकं पाहिलं, दरी पाहिली, गाऊनचा घेर पाहिला. मेकअपचं कौतुकही झालं. शाल फक्त तुला आठवली. कॅनडात विनिपेगला इतके हिवाळे काढल्यावर डोळा तसा तयार होत असेल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे आणि त्यात माझाही दोष आहे.

आपण कॉलेजात असताना चिखलदरा म्हणजे एसटीने एक दिवसाची सहल. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड, आणि परतताना खवा-रबडी. आता डिसेंबर ते फेब्रुवारी भल्या पहाटे परतवाड्याहून घाट चढणाऱ्या गाड्यांत निम्म्या तरी प्री-वेडिंगवाल्यांच्या असतात, निदान मला तसं वाटतं. जागा आहेच तशी. साधारण 1100 मीटर उंची, महाराष्ट्रात कॉफी पिकवणारं हेच ठिकाण. फोटोग्राफर मंडळींना हवा असतो सूर्योदयाच्या मागचा-पुढचा तास. तेव्हा उजेड मऊ असतो, दरीत धुकं असतं आणि पर्यटक उठलेले नसतात. थंडीही नेमकी त्याच तासाला सगळ्यात जास्त असते.

ही मुलगी अकोल्याची. नाव सांगत नाही. आदल्या रात्री सगळे लॉजवर मुक्कामाला होते, मी पहाटे चारला तिचा मेकअप सुरू केला. तिने रात्री नीट जेवण केलं नव्हतं, सकाळचा चहासुद्धा नको म्हणाली. गाऊन घट्ट आहे, पोट दिसेल म्हणून. पॉइंटवर पोचलो तेव्हा फोनवर 9 अंश दिसत होते. तुला हसू येईल, तुमच्याकडे 9 अंशांत लोक स्वेटर काढत असतील. पण इथे वारा होता, बाहीशिवायचा जाळीचा गाऊन होता, आणि त्याचा मागचा लांबलचक घोळ दवाने भिजलेल्या गवतातून ओढत नेला जात होता. थोड्याच वेळात तो गुडघ्यापर्यंत ओला झाला. नवरदेव थ्री-पीस सुटात. फोटोग्राफरच्या अंगात जाड जॅकेट, डोक्याला कानटोपी. मी स्वेटरवर शाल गुंडाळून उभी. त्या कड्यावर उघड्या खांद्यांची ती एकटीच होती.

पहिला अर्धा तास तिला हुडहुडी भरली होती. 'थरथर फोटोत येते, जरा श्वास रोखून धरा,' असं तिला सांगितलं जात होतं. ड्रोन त्या दिवसापुरता भाड्याने आणलेला, उजेड निसटत चाललेला, सगळ्यांना घाई. मग हळूहळू तिचं थरथरणं थांबलं. आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं. मी स्वतः म्हणाले, 'झाली बघ सवय.' हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

अंगठी घालायचा शॉट होता. तिच्या हातून अंगठी तीनदा पडली. मी टच-अपला जवळ गेले आणि विचारलं, 'थंडी वाजते का गं?' ती म्हणाली, 'नाही वाजून राहिली ताई, झोप येऊन राहिली.' शब्द जड, ओढल्यासारखे येत होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी कापसाने तिची लिपस्टिक पुसली. खाली ओठ निळे होते. नखांवर गडद नेलपॉलिश, गालावर मीच लावलेली लाली. थंडीने माणूस पांढरा पडतो, निळा पडतो, हे ज्या ज्या जागी दिसायला हवं त्या प्रत्येक जागेवर मी पहाटे चारपासून रंग चढवून ठेवला होता.

शूट मी तिथेच थांबवलं. गाडीत नेलं, ओला गाऊन उतरवला, लॉजवरून आणलेली दुलई आणि माझी शाल गुंडाळली, हीटर लावला. नवरदेवाचा एक मित्र ब्रँडीची बाटली घेऊन आला, दुसरा तिचे तळपाय जोरजोरात चोळायला लागला. दोघांची माया खरी होती. पण परतवाड्याला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी गारच झाले. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला ऊब वाटते आणि आतली उष्णता मात्र बाहेर निघून जाते. हातपाय चोळायचे नाहीत. छाती, मान, काखा, म्हणजे मधलं शरीर आधी उबदार करायचं. शुद्ध चांगली असेल, गिळता येत असेल तर कोमट गोड काहीतरी पाजायचं. ओले कपडे क्षणभरही अंगावर ठेवायचे नाहीत, कारण पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. हुडहुडी हा शरीराने आतून पेटवलेला शेगडीचा जाळ आहे, आणि उपाशी पोटी त्या जाळाला कोळसाच नसतो. म्हणून अंग गार असतानाच थरथरणं थांबलं तर ती धोक्याची खूण समजायची.

शरीराचं आतलं तापमान 37 अंशांवरून 35 च्या खाली उतरलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. वारा, ओलं कापड आणि रिकामं पोट एकत्र आलं तर आपल्या सातपुड्यातली पहाटही पुरते. आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. आपल्या घरातल्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर आकडे सुरूच होतात 94-95 फॅरनहाइटपासून, म्हणजे साधारण 35 सेल्सियसपासून. ताप मोजायला केलेलं ते यंत्र. त्याच्या खालचं त्याला दिसतच नाही.

मुलगी संध्याकाळपर्यंत ठीक झाली, लग्नही छान पार पडलं. तू पाहिलेला फोटो अंगठी पडण्याच्या थोडा आधीचा.

तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. आपण वऱ्हाडातली माणसं. उन्हाचं शास्त्र आपल्या हाडात आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की कोणाला शिकवावं लागत नाही. बारा ते चार बाहेर पडायचं नाही, डोक्याला-कानाला दुपट्टा, खिशात कांदा, घरी पन्हं. भर दुपारी कोणी पोरीला कड्यावर उभं केलं तर एखादी म्हातारी येऊन फोटोग्राफरच्या हातातला कॅमेराच काढून घेईल. आपल्या भाषेतही बघ, ऊन 'लागतं'. ऊन लागलं म्हणजे आजार झाला, धावपळ सुरू. थंडी मात्र नुसती 'वाजते'. वाजली तर वाजली, जरा सहन कर. थंडी लागून माणूस जाऊ शकतो, हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही.

तू म्हणशील, तिकडे थंडी कळणारे लोकही हेच करतात. खरंय. केट अप्टन नावाची अमेरिकन मॉडेल, तेव्हा अवघी वीस वर्षांची. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' मासिकाच्या 2013 च्या स्विमसूट अंकासाठी तिचे फोटो थेट अंटार्क्टिकात काढले. मुखपृष्ठावर ती बर्फाळ समुद्रावर, उघड्या पांढऱ्या जॅकेटमध्ये. परतल्यावर तिने टीव्हीवर सांगितलं की तिची ऐकण्याची आणि पाहण्याची शक्ती मंदावली होती, कारण शरीर स्वतःला ऊब द्यायला इतकं झटत होतं की बाकीची कामं थांबवायला लागलं होतं. जगातलं एवढं मोठं मासिक, हाताशी सगळी साधनं, तरी हे झालं. माझ्या त्या मुलीला झोप येत होती, तेही अशातलंच असणार. रक्त हातापायांतून काढून काळजाकडे वळवलेलं असतं, मग बोटांनी अंगठी कशी धरायची?

आपल्याकडे ही हौस सिनेमाने लावली. 'चांदनी' 1989 चा. आपण दोघी तो पाहून कितीतरी दिवस शिफॉनच्या साडीची स्वप्नं बघत होतो, आठवतं? स्वित्झर्लंडचा बर्फ, नायक स्वेटरमध्ये, नायिका उघड्या दंडांनी. पुढे 'दिलवाले'साठी काजोल आइसलंडमध्ये. 2023 च्या 'रॉकी और रानी की प्रेम कहानी'तलं गाणं काश्मीरच्या बर्फात झालं. आलिया तेव्हा बाळंतपणातून नुकतीच उठलेली, आणि अंगावर शिफॉन. नंतर करण जोहरने त्याबद्दल तिची जाहीर माफी मागितली. त्याने ती मागितली हे मला मोठं वाटतं. एवढ्या वर्षांत पडद्यावरची ती थंडी कोणीतरी थंडी म्हणून मान्य केली. पण सिनेमाच्या सेटवर नायिकेसाठी शॉट संपताच ब्लँकेट घेऊन धावणारी माणसं असतात, जवळ गरम व्हॅन असते. चिखलदऱ्याच्या कड्यावर त्यातलं काही नसतं, गाणं मात्र तेच हवं असतं.

लग्नाच्या मुली निदान स्वतःच्या हौसेने उभ्या राहतात. मला जास्त काळजी वाटते ती कॉलेजच्या पोरींची. आपलं अमरावती कापडाची मोठी बाजारपेठ. उन्हाळ्याच्या सुती साड्या, बिनबाह्यांचे कुर्ते यांचे फोटो दुकानात माल लागायच्या आधी हवेत, म्हणजे ते काढायचे ऐन थंडीत. चार पैसे आणि इन्स्टाग्रामवर नाव होतं म्हणून या पोरी येतात. छत्री तलावाच्या काठावर सकाळी सातला एकामागून एक बारा साड्या, आणि कपडे बदलायला गाडीचा आडोसा. एकीने एकदा मला सांगितलं, 'ताई, थांबा म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावत नाहीत.' म्हणून त्या म्हणत नाहीत.

आता एक गोष्ट आपल्या विदर्भाची, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. सिकलसेल. आपल्याकडे आदिवासी आणि इतर कितीतरी समाजांत तो आहे, केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं ते उगाच नाही. हा आजार असलेल्याला थंडी म्हणजे फक्त थंडी नसते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी त्यांत अडकतात आणि हाडं फोडणाऱ्या कळा सुरू होतात. पाणी कमी प्यायलेलं असेल तर आणखी वाईट. आणि शूटला निघालेल्या मुली पाणी पितच नाहीत, कारण त्या गाऊनमध्ये बाथरूमला जाणं होत नाही. लग्नाआधी पत्रिका बघतात, सिकलसेलची तपासणीही करा म्हणून दवाखान्यातल्या ताई कानीकपाळी ओरडतात. शूटच्या आधी मात्र कोणी एका शब्दाने विचारत नाही. मीही विचारत नव्हते. दम्याच्या मुलीला पहाटेची गार हवा छातीत धरते, काहींची बोटं थंडीत खडूसारखी पांढरी पडतात, हेही आता विचारायला लागले तेव्हा कळलं.

आणि लग्नानंतर हीच जोडपी जातात गुलमर्गला. तिथला खेळ वेगळाच, तो तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तूच एकदा लिहिलं होतंस, तुमच्याकडे वाऱ्यासकट थंडीचा आकडा सांगतात. उणे 20 अंशांत ताशी 30 किलोमीटर वारा असला की अंगाला उणे 33 सारखं लागतं, आणि तशा हवेत उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. आमच्या पोरींना कोणी हे सांगितलेलं नसतं. भाड्याचे घट्ट बूट, त्यात ओले मोजे, कानात धातूचे झुमके. बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात. दुखायचं थांबलं म्हणून त्या आणखी चार फोटो काढतात.

फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. माझं पोट त्यावर आहे, आणि मुलींचा आनंद मला कळतो. पण आता माझ्या अटी आहेत आणि त्या मी बुकिंगच्या वेळीच सांगते. पोटभर खाऊन यायचं, मी समोर बसून खाऊ घालते. गाऊनखाली अंगाच्या रंगाचे गरम कपडे, ते फोटोत दिसत नाहीत. शॉट पाच-सात मिनिटांचा, मग शाल आणि गाडी. घोळ भिजला की शूट संपलं. ओठांना आणि निदान एका हाताच्या नखांना मी शेवटपर्यंत रंग लावत नाही, फोटोग्राफर कितीही रागावला तरी. आणि दर थोड्या वेळाने मी मुलीला विचारते, पण 'थंडी वाजते का' असं नाही. त्याला सगळ्या नाहीच म्हणतात. मी तिला अंगठा एकेका बोटाला लावून दाखवायला सांगते आणि तिचा स्वतःचा मोबाइल नंबर म्हणायला लावते. बोटं चुकली, नंबर अडखळला, की बास. दोन बुकिंगं यापायी हातची गेली. जाऊ देत.

तुझ्याकडे एक मागणं आहे. तिकडच्या शाळांत लहान मुलांना थंडीबद्दल काय शिकवतात, ते साध्या मराठीत एका कागदावर लिहून पाठव. बाई, हे काम तूच कर, तुझं अक्षर चांगलं आहे. मी ते मोठं करून आरशाशेजारी लावणार आहे. तिथे मुली तास तास बसलेल्या असतात, वाचतील.

पुढच्या रविवारी बाळापूरच्या छत्रीजवळ शूट आहे. फोटोग्राफर सहाची वेळ मागत होता. मी साडेआठ सांगितली आहे, आणि मुलीच्या आईला दोन रजया गाडीत टाकायला सांगितल्या आहेत.

तुझीच,
अमरावतीची मैत्रीण