सुईला दोन नेढी

सकाळी आठला गोळी घेतली की दहाच्या सुमारास सुईला दोन नेढी दिसायला लागत. दुपारी एकपर्यंत सगळं पुन्हा जागेवर.

फिट्स मला लहानपणापासून. मध्यंतरी पुन्हा दोनदा आल्या म्हणून कार्बामाझेपिन 200 मिलिग्रॅमवरून 400 केलं, दिवसातून दोनदा. घरचे म्हणाले, चाळिशी लागली. चष्मा केला, दोन महिन्यांत काच बदलली. दोन्ही वेळा दुकानात गेले ती शिवणकाम उरकून, संध्याकाळी. संध्याकाळी मला एकच दिसायचं!

लग्नसराईत एका गिऱ्हाइकाचं इरकली ब्लाउज सकाळी कापायला घेतलं. खडूच्या एका रेघेच्या दोन झाल्या. मी आतली धरली. मुंढा अर्धा इंच जास्त कापला गेला. साडीतलंच ब्लाउजपीस, दुसरं आणणार कुठून? मी शिलाई घेतली नाही, माफी मागितली. त्यावर तिच्या सासूबाई माझ्यासमोर तिलाच म्हणाल्या, "फिटवाल्या बाईकडे द्यायचंच कशाला?" वीस वर्षं मी शिवतेय. एका वाक्यात त्या वीस वर्षांची किंमत शून्य. त्या गल्लीतली कामं नंतर आलीच नाहीत. आजही त्या घरावरून जाताना माझे पाय भरभर पडतात.

डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही. फिट्सच्या डॉक्टरांचा डोळ्यांशी काय संबंध, असं वाटायचं. पुढच्या तपासणीला योगायोगाने साडेदहाचा नंबर लागला. चिठ्ठी वाचताना मी एक डोळा मिटला, ते त्यांनी पाहिलं. डोळ्यांसमोर बोट डावीकडे-उजवीकडे फिरवलं. बुबुळं कडेला गेली की थरथरत होती. एक डोळा झाकला की एकच दिसतं, म्हणजे नजर शाबूत आहे, दोन डोळ्यांचा मेळ चुकतोय, म्हणाले. गोळी घेतल्यावर काही तासांत रक्तातलं औषध चढतं, तेव्हाच हे होतं. रोजचं औषध तेवढंच ठेवून त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली. पंधरा दिवसांत नेढं एक झालं.

डोस वाढवतानाच दोन वाक्यं का सांगू नयेत? याचा राग अजून आहे. गोळीचाही होता, बंदच करावी असं कितीदा मनात आलं. पण तिच्यामुळेच गेली चार वर्षं फिट नाही.

तुम्हाला असं दोन-दोन दिसत असेल, तर गोळीची वेळ आणि दिसण्याची वेळ कागदावर लिहा, तो कागद फिट्सच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.