‘माह्यापाई कायले खोटी होता?’ : कौटुंबिक सहल आणि घरातली वयस्क मंडळी



पाऊस स्थिरावला की अमरावतीत दोन रांगा हमखास दिसतात. एक दवाखान्यात, ताप-खोकल्याच्या रुग्णांची. दुसरी शनिवार-रविवारी परतवाड्याच्या रस्त्यावर, चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्यांची. दुसऱ्या रांगेतली काही मंडळी सोमवारी पहिल्या रांगेत येऊन बसतात. कुणाचे पाय सुजलेले असतात, कुणाला लघवीची जळजळ असते, कुणाची साखर पार बिघडलेली असते. यात साठीच्या पुढचे लोक जास्त, आणि त्यातही बायका जास्त. ‘त्रास कधी सुरू झाला?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘पहिल्याच दिवशी, डॉक्टरसाहेब. पण बोललो नाही. माह्यापाई कायले बाकीच्यांची खोटी?’

खोटी म्हणजे खोळंबा. हे वाक्य आपल्याकडे कौतुकानं ऐकलं जातं. किती समजूतदार बाई, असं लोक म्हणतात. मला मात्र ते ऐकलं की काळजी वाटते. त्या एका वाक्यामागे दोन-तीन आजार दबा धरून बसलेले मी पाहिले आहेत. आमच्या घरच्या सहलीतही पाहिले.

इटली ते चिखलदरा

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याच्या डोक्यात इटली होती. टस्कनीच्या खेड्यात शेतावरचं मोठं घर घ्यायचं आणि सगळ्या खानदानानं आठ दिवस एकत्र राहायचं, अशी त्याची कल्पना. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवावेत, यासाठी इटलीत १९८५ सालीच कायदा झाला. आपल्या महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. कल्पना सगळ्यांना आवडली, पण निम्म्या लोकांकडे पासपोर्ट नव्हता आणि पुतण्याला सुट्टी थोडी होती. शेवटी ऑगस्टमध्ये चिखलदरा ठरलं. माणसं १७, गाड्या ४. सर्वांत लहान नात ४ वर्षांची, सर्वांत मोठे काका ७८ वर्षांचे.

अमरावतीहून आमच्या दोन गाड्या आणि अकोल्याहून अकोट-अंजनगाव मार्गे दोन, अशा सकाळी नऊला परतवाड्यात भेटायच्या होत्या. अकोल्याची मंडळी पोहोचली साडेदहाला. त्यात आमची आत्या होती. वय ७१, मधुमेह १८ वर्षांचा, सोबत ब्लडप्रेशर. एरवी गाडीतून उतरताच सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करणारी बाई, पण त्या दिवशी मान टेकवून गप्प बसली होती. ‘रात्री झोप झाली नाही तिची,’ असं कुणीतरी म्हणालं. मी हात धरला तर हात गार आणि घामानं ओला. नाव विचारलं तर उत्तर यायला वेळ लागत होता. ग्लुकोमीटरवर साखर आली ५२.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की आपण तिला कमी म्हणतो. पंचावन्नच्या खाली मेंदूला इंधन कमी पडू लागतं. माणूस गोंधळतो, चिडतो किंवा गप्प होतो. वयस्क माणसात हे झोपेसारखं दिसतं, आणि खरा धोका इथेच असतो. आपण त्याला ‘झोपू द्या’ म्हणतो.

त्या सकाळी काय घडलं होतं?

आत्या शुद्धीवर होती, गिळू शकत होती. तिला पाण्यातून ग्लुकोज पावडर दिली, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली, मग पोळी-भाजी खायला घातली. ती बोलू लागल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली.

पहिली : तिनं सकाळी साडेसहाला नेहमीच्या वेळेवर मधुमेहाची गोळी घेतली होती, पण खाल्लं काहीच नव्हतं. ‘घाटात वकारी येते, गाडी थांबवा लागते.’

दुसरी : पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. ‘रस्त्यात बाथरूमचं काही खरं नसते.’

तिसरी : ब्लडप्रेशरसाठी जी लघवीची गोळी होती, ती दोन दिवसांपासून बंद केली होती. कारण तेच.

तिन्ही निर्णय तिचे एकटीचे होते, आणि तिन्ही एकाच विचारातून आले होते : माझ्यामुळे कुणाची खोटी नको. यात अडाणीपणा काही नाही. चार गाड्या, १७ माणसं आणि प्रत्येकाला पोहोचायची घाई, अशा वेळी ‘मला बाथरूमला जायचं आहे’ हे पुन्हा पुन्हा सांगणं कुणालाही जड जातं. बायकांना तर फारच.

आता या तिन्ही गोष्टींमागचं शास्त्र सोप्या शब्दांत सांगतो.

१. मधुमेहाची गोळी घड्याळाकडे बघून नाही, ताटाकडे बघून. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवा अथवा जेवू नका. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा इतकी खाली जात नाही. म्हणून तुमची गोळी कोणत्या गटातली आहे हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. प्रवासात नाश्ता समोर आल्यावरच ही गोळी घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचं गणित डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

आणखी एक बारकावा. आत्याला गाडीत कुणीतरी पेढा खाऊ घातला होता, तरी फरक पडला नव्हता. पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शिवाय तिच्या गोळीत व्होग्लिबोज हे औषधही होतं. हे औषध आतड्यात साध्या साखरेचं ग्लुकोज होऊ देत नाही, निदान लवकर तरी नाही. अशा रुग्णाला साखर, पेढा किंवा गोड चहा देऊन लवकर गुण येत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पाण्यात मिसळून द्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. सुधारल्यावर जेवण द्या, कारण या गोळ्यांचा परिणाम दिवसभर टिकतो आणि साखर पुन्हा खाली जाऊ शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि थेट दवाखाना गाठा.

२. पाणी न पिणं हा उपाय नाही. लघवी तुंबवून ठेवली आणि पाणीही कमी प्यायलं, की जंतुसंसर्गाला आयतं आवतण मिळतं. मुतखडा झालेल्यांना पुन्हा कळ येऊ शकते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असताना शरीरात पाणी कमी पडलं, तर उठून उभं राहताना चक्कर येते आणि माणूस पडतो. सत्तरीत मोडलेलं खुब्याचं हाड महिनोन्महिने अंथरुणाला खिळवतं.

३. लघवीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ज्यांचं हृदय कमजोर आहे, त्यांनी ती दोन-तीन दिवस चुकवली तरी पाय सुजतात, रात्री झोपल्यावर दम लागतो. बऱ्याच रुग्णांत ही गोळी मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तरी चालते. वेळ बदलता येते का, एवढंच डॉक्टरांना विचारा.

विचारू नका, ठरवून टाका

त्या दिवशी आम्ही परतवाड्यात दीड तास थांबलो. जेवणानंतर साखर १४० झाली, तासाभरानं पुन्हा तपासली, आणि मगच घाट चढलो. दिवसभरात आणखी तीनदा तपासली. सोबत डॉक्टर किंवा ग्लुकोमीटर नसेल तर अशा रुग्णाला तिथूनच जवळच्या दवाखान्यात न्यावं, पुढे नेऊ नये.

मग आम्ही पुढच्या तीन दिवसांसाठी नियम केला. दर दीड तासाला चारही गाड्या थांबतील आणि सगळे खाली उतरतील. कुणाला गरज आहे का, हे विचारायचंच नाही. ‘आत्या, थांबायचं का?’ असं विचारलं की ‘नाही रे बाप्पा, चालू दे’ हेच उत्तर येणार. सगळेच उतरले तर कुणामुळे कुणाची खोटी होत नाही. या थांब्यांचा फायदा तरुणांनाही आहे. चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायांच्या शिरांत रक्त साकळण्याची शक्यता वाढते. उतरून चार पावलं चालणं हा त्यावरचा बिनखर्चाचा इलाज.

घाटात ज्यांना मळमळतं, त्यांनी पुढच्या सीटवर बसावं, मोबाईलऐवजी दूर नजर ठेवावी आणि रिकाम्या पोटी न राहता हलकं खावं. प्रोमेथाझिनसारखी उलटीची गोळी प्रवासाआधी घेतात. तिनं झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी या गोळीनं अडकू शकते. आमच्या काकांनी ती खिशात आणली होती, ती मी काढून घेतली.

‘उंचीवर बीपी वाढेल का?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांनी बिनधास्त जावं. फक्त तिथे अमरावतीपेक्षा चार-पाच अंश गारवा असतो, तेव्हा दम्याच्या रुग्णांनी पंप आणि स्वेटर सोबत ठेवावा.

दुसऱ्या दिवशी तरुण मंडळी गाविलगडावर गेली. हाच तो किल्ला, जो १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं मराठ्यांकडून घेतला. पावसात तिथले दगड शेवाळलेले असतात, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना आम्ही नेलं नाही. आम्ही सहा जण आत्याच्या चालीनं भीमकुंडाकडे गेलो. कीचकाला मारून भीमानं इथे हात धुतले, अशी आपल्याकडची कथा. धुकं सरलं आणि समोर धबधबा दिसला, तेव्हा आत्या म्हणाली, ‘चवथ्यांदा आलो मी चिखलदऱ्याले. आंधी तीनदा गाडीतच बसून होतो.’

आम्ही कुणी काही बोललो नाही. तीन सहलींच्या फोटोंत ती होती. ते फोटो गाडीजवळचे होते, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परत आल्यावर

मेळघाटातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. मलेरिया असू शकतो, किंवा स्क्रब टायफस. स्क्रब टायफस गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो. काहींच्या काखेत, जांघेत किंवा कमरेला न दुखणारी काळी खपली दिसते. वेळेत ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो, उशीर झाला तर फुप्फुसं आणि किडनीवर जातो. म्हणून तापात डॉक्टरांना ‘आम्ही जंगलात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

परदेशी जाणार असाल तर

नियम तेच. औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. प्रिस्क्रिप्शनवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा आधीच ठरवा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण जुने आजार त्यात धरले आहेत का ते वाचा. तिथल्या टेकडीवरच्या गावांत दगडी चढ-उतार फार, म्हणून मुक्काम एकाच जागी आणि तळमजल्यावर घ्या. मदतीसाठी ११२ हा क्रमांक युरोपात आणि भारतातही चालतो. आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. जंगलात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून दवाखाना कुठे आहे ते निघण्याआधी पाहून ठेवा.

निघण्यापूर्वी एवढं करा

- प्रत्येक वयस्काच्या आजारांची आणि औषधांची यादी दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.
- प्रत्येक गाडीत ग्लुकोज पावडर, ओआरएस, पाणी आणि खाण्याचा डबा असू द्या. एकाच गाडीत सगळं ठेवू नका.
- ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र ज्या गाडीत वयस्क आहेत त्याच गाडीत ठेवा.
- थांबे आधी ठरवा, आणि तिथे स्वच्छ बाथरूम आहे का ते फोन करून विचारा.
- ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका. ‘शेवटचं पाणी कधी प्यायलीस? नाश्त्यात काय खाल्लं? गोळी कधी घेतली?’ असं विचारा.

आणि आमच्या वयस्क वाचकांना एक हात जोडून विनंती. तुम्ही वेळेवर सांगितलं तर गाडी पाच मिनिटं थांबते. नाही सांगितलं तर सगळी सहलच थांबते. तेव्हा खुशाल खोटी करा.

काळजी घ्या, आणि पावसाळा संपण्याआधी घरच्यांना घेऊन एकदा फिरून या.