बुऱ्हाणपूर : एक मेहराब, दोन लिपी

जळगावहून बुऱ्हाणपूर रेल्वेने जेमतेम 80 किलोमीटर. तरीही आमच्या घरातल्या कुणीच ते धडपणे पाहिलेलं नव्हतं. उत्तरेकडे जाताना गाडीच्या खिडकीतून स्टेशनची पाटी दिसायची, तेवढीच ओळख. या डिसेंबरात एका रविवारी अम्मी म्हणाल्या, "सगळी दुनिया फिरण्याच्या गोष्टी करता, आधी आपला खानदेश तर दाखवा!" मग काय, भरीत-पुऱ्यांचा डबा बांधला आणि अम्मी, थोरली, धाकटा यांना घेऊन आम्ही सकाळची गाडी पकडली.

खरं सांगायचं तर घरात त्या दिवसांत थोडी कुरबुर चालू होती. आम्ही दोघंही शिक्षक. उर्दूही शिकवतो, मराठीही. पण थोरलीला आम्ही मराठी माध्यमात घातलं आणि धाकट्याला उर्दू माध्यमात. अब्बांनी धुळ्याहून अम्मींना लिहिलेली जुनी पत्रं आजही पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली आहेत. अम्मींच्या डोळ्यांना आता ती दिसत नाहीत. थोरलीचं नाझिरा कुरआन पूर्ण झालंय, पण जेर-जबर नसलेलं घाईचं उर्दू हस्ताक्षर तिला वाचता येत नाही. धाकट्याला उर्दू येतं, पण मराठीच्या पुस्तकात तो ओळीओळीला अडखळतो. "दुसऱ्यांची मुलं शिकवता आणि घरातली अशी अर्धी-अर्धी ठेवलीत," असं अम्मी एकदा बोलून गेल्या होत्या. ते मनाला लागलं होतं.

भुसावळ सोडल्यावर तापी ओलांडली. सावदा, निंभोरा, रावेर... दोन्हीकडे केळीच केळी. दूरवर सातपुड्याची निळी रेघ. धाकट्याने विचारलं, "हा खानदेश कुणी बनवला?" गाडीतच इतिहासाचा तास झाला. 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारूकीला तापीकाठचं थाळनेर दिलं. थाळनेर म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातलं, शिरपूर तालुक्यातलं. फारूकींच्या जुन्या कबरी आजही तिथे आहेत. मलिक राजाचा मुलगा नासीर खान याने असीरगडचा किल्ला घेतला आणि 1400 च्या सुमारास तापीच्या काठावर हे शहर वसवलं. नाव दिलं हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. समोरच्या काठावर जैनाबाद, ते हजरत जैनुद्दीन यांच्या नावाने. हे दोन्ही बुजुर्ग आपल्याच खुलताबादच्या मातीत विसावले आहेत. एका बादशहाने आपलं नाव बाजूला ठेवून राजधानीला फकिराचं नाव द्यावं, ही गोष्ट अम्मींना फार आवडली.

स्टेशनावरून रिक्षाने आधी कुंडी भंडाऱ्याला गेलो. वरून पाहिलं तर रानात ओळीने विहिरींची तोंडं दिसतात, बाकी काही नाही. लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरलो आणि सगळे गप्पच झालो. डोंगराच्या पोटातून खोदलेला बोगदा, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर आणि पायाखाली वाहतं थंडगार, नितळ पाणी. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पावसाचं पाणी या बोगद्यात झिरपतं आणि हलक्या उताराने शहराकडे वाहत जातं. वरच्या कुंड्यांमधून हवा येते, उजेड येतो, साफसफाईला उतरता येतं. पंप नाही, मोट नाही. इराणातल्या कनात पद्धतीची ही योजना 1615 च्या सुमाराची, जहांगीरच्या काळातली. तेव्हा इथे अब्दुर्रहीम खानखानांचा अंमल होता. होय, हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे मुलं पाठ करतात, तेच रहीम! स्पेनमधल्या सेगोव्हियात रोमन लोकांनी उंच दगडी कमानींवरून पाणी आणलं. ते पाहायला जग लोटतं. आपल्या शेजारचं पाणी जमिनीखालून येतं, म्हणून बहुधा आपल्याला दिसलंच नाही. आणि वर रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीसाठी बोअरवेल दरवर्षी आणखी खोल जात आहेत. पाणी खेचण्याची विद्या आपण शिकलो, ते मुरवण्याची विसरलो.

दुपारी शहरात आलो. जुन्या बाजाराच्या गर्दीत एकदम समोर जामा मशिदीचे दोन उंच मिनार उभे राहिले. वजू करून जुहरची नमाज अदा केली. काळ्या दगडाची मशीद, समोर 15 कमानी, आत गारवा. फारूकी सुलतान राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने ती बांधली. नमाजी पांगल्यावर एका बुजुर्गांनी मुलांना हाताने खुणावलं, "इधर आओ, ये देखो."

मेहराबीतल्या दगडावर अरबी ओळी कोरलेल्या होत्या. आणि त्यांच्याखाली देवनागरी अक्षरं, संस्कृत भाषेत! आरंभी सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन, मग फारूकी राजांची वंशावळ आणि शेवटी मशिदीचा काळ. तो हिजरी 997 मध्ये तर आहेच, शिवाय विक्रम संवत 1646 आणि शके 1511 असाही दिलेला आहे. म्हणजे गावातला काजीही वाचेल आणि जोशीही वाचेल, अशी सोय.

धाकटा वरची अक्षरं जुळवू लागला. थोरली खालची. तो "अल्लाह" या शब्दाशी थांबला, ती अनोळखी वळणाच्या जोडाक्षरांशी झटू लागली. पूर्ण अर्थ दोघांनाही लागला नाही. पण थोड्या वेळाने तिने विचारलं, "वर काय लिहिलंय रे?" आणि त्याने विचारलं, "आपा, खाली काय आहे?" अम्मी खांबाला टेकून हे पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. आम्हीही नाही.

बाहेर आल्यावर बुऱ्हाणपूरची प्रसिद्ध मावा जिलेबी खाल्ली. मग नदीकाठचा शाही किल्ला पाहिला. इथेच जून 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल वारली. पलीकडच्या काठावर जैनाबादच्या आहूखान्यात तिला आधी दफन केलं होतं. काही महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक असतो, ही पहिली कबर फार थोड्यांना. तापीकडे पाहत अम्मी हळूच म्हणाल्या, "मलिका असो नाहीतर मजुरीण, बाळंतपण सगळ्यांना सारखंच गं." त्यांनी हात उचलून दुआ केली.

परतीच्या गाडीत थोरली बराच वेळ खिडकीशी बसून होती. रावेर गेल्यावर दादीला म्हणाली, "दादाजींची पत्रं मी वाचून दाखवू का? शिकले तर?" अम्मींनी उत्तर दिलं नाही, फक्त तिच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली.

आता दर रविवारी फज्रनंतर आमच्या घरी पेटी उघडते. थोरली बोट ठेवून एकेक ओळ लावते, अडली की धाकटा सांगतो. बदल्यात ती त्याच्याकडून मराठीचा एक धडा मोठ्याने वाचून घेते. आतापर्यंत दीड पत्र झालं आहे. पहिल्या पत्रात अब्बांनी धुळ्याच्या उन्हाची तक्रार केली आहे आणि पगार उशिरा झाल्याबद्दल अम्मींची माफी मागितली आहे. ते ऐकून अम्मी हसल्या, मग डोळे पुसले.

घरची दुफळी मिटली असं म्हणणार नाही. पण ज्या पूर्वजांनी अल्लाहच्या घरात एकाच दगडी मेहराबीत दोन लिपींना जागा दिली, त्यांच्या मुलखात राहून आपल्या घरात ती का नसावी, हा प्रश्न आम्ही तिथून सोबत आणला आहे. आपणही सुट्टीत एकदा जाऊन या. मुलांना जरूर न्या, आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना आधी.