काठमांडूचा एक, न्यू जर्सीचा नऊ

न्यू जर्सीत बहिणीकडे पंधरा दिवस राहिलो. पाहण्यासारखे जे जे होते ते आमच्या मेहुण्यांनी हौसेने दाखवले. पण मनात राहिले आहे ते शेजारच्या घराचे तळघर. शेजारी निवृत्त पोस्टमन. जुन्या लष्करी बंदुका घ्यायच्या आणि त्यांना पूर्वरूप आणायचे, हा त्यांचा छंद. मी मराठीचा प्राध्यापक आहे असे बहिणीने सांगताच त्यांनी “लिपी कोणती?” एवढेच विचारले, आणि मला हाताला धरून खाली नेले.

घासलेटाचा आणि जवसाच्या तेलाचा वास. फडक्यावर दोन बंदुका, दोन्ही नेपाळच्या ‘गहेंद्र’ रायफली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राणा घराण्यातील गहेंद्र शमशेर यांनी ही रायफल बेतली आणि नेपाळी कारागिरांनी हातांनी घडवली. अगदी हातांनी; एकीचा सुटा भाग दुसरीला बसेलच असे नाही. पुढे नव्या बंदुका आल्या आणि या काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पडून राहिल्या. २००३ साली तो जुना साठा व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि अमेरिकेत आणला. १८९८ पर्यंतच्या बंदुका तिथल्या केंद्रीय कायद्याने पुराणवस्तूंत मोडतात, त्यामुळे म्हातारबुवांना कोणी हटकले नाही.

वर्षानुवर्षांचे वंगण आणि धूळ यांचा डिंकासारखा थर बसलेला. घासलेट लावून रात्रभर ठेवायचे, सकाळी पितळी पट्टीने हलके खरवडायचे. मग दस्त्याच्या लाकडात तळहाताने तेल जिरवायचे. (इतक्या मायेने मी माझे पुस्तकांचे कपाटही कधी पुसलेले नाही.)

नळीवर अक्षरे उमटली होती. आधी ‘श्री’, पुढे आकडा. म्हातारबुवांच्या वहीत नोंद होती, नऊशे शेहेचाळीस. नळीवर होते १५७! आपला एक त्यांना त्यांचा नऊ वाटला, पाच चारासारखा, आणि सात सहाचा भाऊ. मी सांगितल्यावर त्यांनी जुना आकडा खोडला आणि बराच वेळ नळीकडे पाहत राहिले.

मग दुसरी बंदूक पुढे सरकवली. ती नव्या पातेल्यासारखी लखलखत होती. “ही माझी पहिली. विजेच्या चाकावर तारेच्या ब्रशाने घासली. इथेही असेच काही होते. मला नक्षी वाटली. बघा, काही लागते का.”

मी भिंग घेतले, नळी दिव्याशी तिरपी धरली, बोटही फिरवून पाहिले. एका वेलांटीचा शेंडा तेवढा दिसला. श्रीची असेल, की शिपायाच्या पलटणीच्या नावातली, सांगता येईना. तसे म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि वही पुढे केली. मी शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे ओळीने लिहून दिले.

निघायच्या दिवशी बहिणीच्या दारातील पेटीत एक पाकीट सापडले. वर घराचा नंबर देवनागरीत. त्यातला सात उलटा होता.